मोठं कुत्रं कुणी नेत नाही

पुण्याबाहेरच्या एका प्राणी-निवाऱ्यात मी साडेतीन वर्षांपूर्वी पहिल्यांदा गेले तो रविवार होता. फाटकातून आत शिरल्यावर डाव्या हाताला पिल्लांचा कप्पा. जाळीला मुलं चिकटलेली, आईबाप मोबाइलवर फोटो काढत होते, 'हा बघ, तो बघ' चाललेलं. पत्र्याच्या लांब शेडखाली मोठ्या कुत्र्यांचे पिंजरे होते, पार मागे. तिकडे तासाभरात मी सोडून कुणीही फिरकलं नाही, आणि मीसुद्धा गेले ती हात धुवायचा नळ त्या बाजूला होता म्हणून. पिंजरे धुणाऱ्या मावशी बादली भरत होत्या. मी सहज विचारलं, ही किती दिवसांपासून आहेत? त्या म्हणाल्या, "काही दोन वर्षं, काही चार. पिल्लं आज ना उद्या जातात ताई. मोठं कुत्रं कुणी नेत नाही."

मीही पिल्लूच आणायला गेले होते. त्या दिवशी रिकाम्या हाताने परतले आणि पुढच्या रविवारी जाऊन तीन वर्षांची कुत्री घेऊन आले. तांबूस रंग, नसबंदी झाल्याची खूण म्हणून कानाचा शेंडा कापलेला, गाडीखाली सापडल्यामुळे मागचा एक पाय वाकडाच जुळलेला. तिथे तिला तांबी म्हणायचे, आम्हीही तेच नाव ठेवलं.

मावशींचं ते वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे. कुत्र्यामांजरांच्या निवाऱ्यांकडे बघायची आपली नजरच चुकली आहे असं माझं मत झालं, ते त्या वाक्यामुळे. आपण त्यांना मदत करतो, पण ती आत टाकायची मदत असते. वाढदिवसाला खाण्याची पोती, सर्वपित्रीला दूध, थंडीत जुनी पांघरुणं. बाहेर काढायची मदत फार थोडे करतात, आणि निवाऱ्याला खरी गरज तिचीच असते.

याचं मूळ जुनं आहे. आपल्याकडे निवाऱ्यासाठी पहिला शब्द होता पांजरापोळ. 1832 मध्ये मुंबईत कंपनी सरकारने मोकाट कुत्री मारायला सुरुवात केली तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला, दंगल झाली, बाजार बंद पडला. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1834 मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि त्यांच्या जोडीच्या व्यापाऱ्यांनी मुंबईचं पांजरापोळ उभं केलं. 1874 मध्ये प्राण्यांवरची क्रूरता रोखणारी संस्था मुंबईत निघाली आणि तिच्याच कामातून पुढे परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांचं रुग्णालय उभं राहिलं. आजही गरीब माणूस आपलं जखमी जनावर घेऊन तिथे जातो. या इतिहासाचा मला मनापासून अभिमान आहे. पण पांजरापोळाची मूळ कल्पना अशी, की शेठजींनी देणगी द्यायची आणि जनावर मरेपर्यंत तिथेच राहायचं. थकलेल्या बैलाला, भाकड गायीला ते ठीक आहे. चारा, पाणी, सावली आणि चार सोबती मिळाले की त्यांचं पुष्कळसं भागतं.

कुत्र्याचं तसं भागत नाही. हजारो वर्षं ते माणसाच्या पायाशी वाढलं आहे, त्याला माणूस लागतो. चांगल्यात चांगल्या निवाऱ्यातही शंभर कुत्र्यांमागे पाच-सहा माणसं असतात. दिवसभर भुंकण्याचा कल्लोळ, रोज नवी भरती, एका पिल्लाला पार्व्हो हा जीवघेणा संसर्ग झाला की सगळ्या कप्प्याला धोका. काही कुत्री पिंजऱ्यात गोल गोल फिरत राहतात, काही भिंतीकडे तोंड करून बसतात. आणि जागा मोजकीच असते. एक बाहेर पडलं तरच अपघातात सापडलेलं दुसरं आत येऊ शकतं. निवारा धर्मशाळेसारखा चालला पाहिजे, मुक्काम संपला की पुढे. त्याचं पांजरापोळ झालं की दारावर 'जागा नाही' असा फलक लागतो.

दत्तक घेण्याने रस्त्यावरच्या कुत्र्यांचा प्रश्न सुटेल असं काही प्राणिप्रेमी सांगतात. ते खरं नाही, आणि आपणच असं बोलून आपली बाजू कच्ची करतो. 2019 च्या पशुगणनेत देशात सुमारे दीड कोटी मोकाट कुत्री मोजली गेली, त्यातली पावणेतेरा लाखांच्या आसपास एकट्या महाराष्ट्रात. एवढी घरं कुठून आणणार? संख्या आटोक्यात येते ती नसबंदीने, तीही एकेका भागात सलग आणि नेटाने केली तर. रेबीज हटतो लसीने. भागातल्या 70 टक्के कुत्र्यांना लस टोचली गेली की साखळी तुटते. गोव्याने वर्षानुवर्षं गावोगाव जाळी घेऊन फिरून हे करून दाखवलं, आणि 2021 मध्ये रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झालेलं ते देशातलं पहिलं राज्य ठरलं. ज्या आईच्या मुलाला कुत्र्याने फाडलं तिला दत्तकविधानाचे फोटो दाखवू नयेत. तिला लस हवी, सरकारी दवाखान्यात वेळेवर इंजेक्शन हवं, आणि गल्लीत नसबंदीची गाडी यायला हवी.

मग दत्तक कुणासाठी? जे रस्त्यावर परत जाऊ शकत नाही त्याच्यासाठी. पाय गेलेलं, डोळा गेलेलं, घरात वाढून एक दिवस रस्त्यावर सोडून दिलेलं. अशांची संख्या कमी नाही, आणि 2025 नंतर ती वाढणारच आहे. त्या वर्षी 11 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने दिल्ली परिसरातली सगळी मोकाट कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा असा आदेश दिला. 22 ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला: नसबंदी करा, लस द्या, पिसाळलेली आणि आक्रमक सोडून बाकीची होती तिथेच सोडा. आणि 7 नोव्हेंबरला देशभरासाठी सांगितलं की शाळा, रुग्णालयं, क्रीडा संकुलं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं इथली कुत्री उचलून निवाऱ्यात न्या आणि परत तिथे सोडू नका. एसटी स्टँडवर दहा वर्षं चहाच्या टपरीखाली झोपलेलं कुत्रं उचललं, तर ते आता जाणार कुठे? पिंजऱ्यात. तिथून पुढे कुठे?

याचं अर्धं उत्तर 22 ऑगस्टच्या आदेशातच आहे. ज्याला कुत्रं दत्तक घ्यायचं असेल त्याने महापालिकेकडे अर्ज करावा, पालिकेने त्या कुत्र्याला खूण करून सोपवावं, आणि ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्याची. ही तरतूद दिवाळीच्या फराळाइतकी घरोघर पोचायला हवी होती. तुमच्या शहरात हा अर्ज कुठे मिळतो हे शेजारच्या चौघांना विचारून बघा. पालिकांना पिंजरे बांधायला पैसा लागतो, तसाच पिंजरे रिकामे करायला माणूस लागतो. प्रत्येक निवाऱ्यात एक माणूस असा हवा की ज्याचं कामच कुत्र्यांचे स्वभाव ओळखणं, घरं शोधणं आणि दिलेल्या घरांना महिन्याने फोन करणं हे असेल. तो खर्च पिंजऱ्याच्या पत्र्यापेक्षा जास्त उपयोगाचा आहे.

आता मोठ्या कुत्र्याबद्दल. लोकांची समजूत अशी की लहानपणापासून वाढवलं तरच लळा लागतो. मीही तेच म्हणायचे.

तांबी घरी आली आणि थेट वॉशिंग मशीनच्या मागे जाऊन बसली. तीन दिवस ती तिथेच होती. आमच्यासमोर खायची नाही. ताटली ठेवून दिवा मालवून आम्ही आतल्या खोलीत गेलो की अंधारात चाटण्याचा आवाज यायचा. चौथ्या दिवशी मी केर काढायला झाडू उचलला आणि ती फरशीला पोट चिकटवून सपाट झाली, खाली पाण्याचा ओघळ. तिला झाडूने कुणी आणि किती मारलं असेल हे मला कधीच कळणार नाही. त्यानंतर आम्ही ती फिरायला गेली की केर काढायचो, आणि उरलेल्या वेळात झाडू हॉलच्या मध्यभागी आडवा पडलेला असायचा, त्याच्या शेजारी पोळीचा तुकडा. पाहुणे विचारायचे हे काय, तर सांगायचो, शाळा चालू आहे. पहिला तुकडा उचलायला तिला नऊ दिवस लागले. जिना तिला माहीतच नव्हता. माझा मुलगा उकडलेल्या चिकनचा वाडगा घेऊन एकेका पायरीवर बसायचा, ती वाकडा पाय वर टाकायची, घसरायची, पुन्हा टाकायची. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, बत्तीस पायऱ्या. ज्या संध्याकाळी ती एका दमात वर आली त्या संध्याकाळी मुलगा रडला.

निवाऱ्यातली माणसं तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा हिशेब सांगतात. तीन दिवस भेदरलेलं, तीन आठवड्यांत घराची घडी कळते, तीन महिन्यांत आपलं होतं. आमच्याकडे पाच महिने लागले. पण एवढं सोडलं तर सगळं सोपं होतं. तिने एकही चप्पल फाडली नाही, पिल्लासारखं रात्री दर दोन तासांनी उठवलं नाही, नसबंदी आणि लशी आधीच झाल्या होत्या. ती केवढी होणार, मुलांशी कशी वागणार, मांजर बघून काय करणार, हे मावशींनी मला आधीच सांगितलं होतं आणि ते जसंच्या तसं निघालं. पिल्लाच्या बाबतीत हे कुणीही सांगू शकत नाही. ज्या घरात दोघंही नोकरीला जातात, ज्या घरात सत्तरीचे आजी-आजोबा आहेत, त्यांनी तर पिल्लाच्या वाटेला जाऊच नये. चार-पाच वर्षांचं शांत कुत्रं त्यांच्यासाठीच असतं, पण ते मागच्या शेडमध्ये असतं.

लिफ्टमध्ये मला पहिला प्रश्न विचारतात तो "कुठल्या जातीची आहे?" गावठी म्हटलं की समोरच्याचा चेहरा उतरतो. तिच्या वाकड्या पायाची चौकशी त्यानंतर. या एका प्रश्नाने किती नुकसान केलं आहे! 2003 मध्ये हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एका मुलाच्या मागे मागे फिरणारं पग आलं आणि घरोघर पग दिसू लागले. त्या चपट्या नाकाला आपल्या उन्हाळ्यात श्वास घेणं किती अवघड जातं हे जाहिरातीत कसं दिसणार? आता हस्की आहेत. बर्फात ओढगाडी ओढायला घडलेलं, दुहेरी लोकरीचं जनावर नागपूरच्या मे महिन्यात एसी बंद पडला की लाद्यांवर धापा टाकत पडतं. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकू नये असं 2017 चे कुत्रे-पैदास नियम सांगतात. तरी महिन्याभराची, आईच्या दुधावरची पिल्लं टोपलीतून विकली जातात, आणि आपण 'किती गोंडस' म्हणून घेतो. पैदाशीच्या कामातून गेलेल्या कुत्र्या पुढे कुठे जातात ते मी त्या शेडमध्ये पाहिलं. लोंबलेली आचळं, झिजलेले दात आणि सहा वर्षांचं आयुष्य. त्यांनाही कुणी नेत नाही. जातिवंत असूनही.

विकत घेणाऱ्या सगळ्यांना मी वाईट म्हणत नाही. लातूर-सोलापूरकडे कारवानी कुत्री पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणारी घरं आहेत, त्यांना आपल्या कुत्र्यांची किंमत कळते. माझा राग आहे तो हौस म्हणून घेऊन तिसऱ्या वर्षी हमरस्त्यावर सोडून देणाऱ्यांवर. असं सोडणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, आणि पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. पासष्ट वर्षांत हा आकडा बदललेला नाही. यासाठी खासदारांच्या मागे लागायला हवं.

मांजरांबद्दल थोडं, कारण त्यांच्याकडे निवाऱ्यातही कमी लक्ष जातं. 'मांजर घराला धरून असतं, माणसाला नाही' असं आपण म्हणत आलो, आणि त्या म्हणीच्या आडून मांजरं पोत्यात घालून बाजारात सोडून यायचीही पद्धत होती. भाटी पाच-सहा महिन्यांची झाली की माजावर येते, दोन महिन्यांत विते, आणि वर्षात पुन्हा. एका घरात एका मांजरीची नसबंदी राहून गेली की दोन वर्षांत गल्ली भरते. पिल्लं लोक उचलतात, मोठं मांजर पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात पाठ करून बसलेलं असतं म्हणून 'माणूसघाणं आहे' असं ठरतं. काळं असेल तर आणखीच अवघड. मोठं मांजर घ्यायचं तर खिडक्यांना जाळी मारा, आठवडाभर एकाच खोलीत ठेवा आणि त्याच्याकडे बघत बसू नका. आणि घरातली तापाची पॅरासिटामॉल त्याला चुकूनही देऊ नका, एक गोळीही जीव घेते.

आमची आजी सातारकडची. रात्री सगळ्यांची जेवणं झाली की शेवटची भाकरी कुत्र्याची. ती कुस्करून ताकात कालवून अंगणात ठेवायची. ते कुत्रं घरात येत नसे, पण ते वाड्याचं होतं. कुणाचं हे गावाला ठाऊक होतं, ते कुणाला चावलं तर आजोबांच्या दारात माणूस यायचा. शहरात आल्यावर आपण त्यातलं भाकरी घालणं तेवढं ठेवलं. दार गेलं, अंगण गेलं, आणि कुत्रं चावलं तर कुणाच्या दारात जायचं हेही गेलं. रोज संध्याकाळी बिस्किटांचे पुडे घेऊन निघणाऱ्या माझ्या मैत्रिणींना मी हेच सांगते, आणि त्या माझ्यावर चिडतात. ज्या सहा कुत्र्यांना आपण खायला घालतो त्यांची नसबंदी आणि वर्षाची लस हे आपलं काम आहे. त्यातलं एक म्हातारं झालं, आंधळं झालं, तर त्याच्यासाठी आपलं दार उघडणार का, हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा.

आता निवारे चालवणाऱ्यांना दोन शब्द, कारण त्यांचंही चुकतं. माझी भाची एकटी राहते, नोकरी घरून करते, कुत्र्यांचा तिला लहानपणापासून अनुभव. एका ठिकाणी तिला 'अविवाहित मुलींना देत नाही' म्हणून परत पाठवलं. लग्न झालं की सासरचे काढून टाकायला सांगतात, असा त्यांचा अनुभव. अनुभव खरा असेल, पण मग विचारायचं ते असं: तू गावाला गेलीस तर कोण बघेल, घर बदललंस तर काय करशील, डॉक्टर ठरवला आहेस का? भाडेकरूंना सरसकट नकार देणंही तसंच. शहरातले अर्धे तरुण भाड्याने राहतात, त्यांना वगळून घरं कुठून मिळणार? घरमालकाची लेखी संमती घ्या आणि द्या. दुसरं, 'आज नेलं नाही तर मरेल' अशा ओळी लिहून फोटो फिरवणं थांबवा. दयेपोटी रात्री दहा वाजता नेलेलं कुत्रं आठवड्याने परत येतं, आणि परत आलेल्या कुत्र्याला दुसरं घर मिळणं आणखी कठीण होतं. परत आणणाऱ्याला मात्र टोचून बोलू नका. अपमानाच्या भीतीने तो पुढच्या वेळी निवाऱ्यात न येता घाटात गाडी थांबवेल. आणि फुकट देऊ नका. लशी आणि शस्त्रक्रियेचा खर्च मागितला तर ज्याला खरंच हवं आहे तो देतो.

कुत्रं बारा-पंधरा वर्षं जगतं. दरवर्षी लस, दर तीन महिन्यांनी जंताचं औषध, पावसाळ्यात गोचिडी, म्हातारपणी सांधे. ज्याला हे जमणार नाही त्याने घेऊ नये, आणि त्यात कमीपणा नाही. मुलाला वाढदिवसाची भेट म्हणून तर मुळीच घेऊ नये. पण जमणारी कितीतरी घरं केवळ सोसायटीच्या भीतीने थांबलेली मी पाहते. खरं तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने 2015 मध्येच स्पष्ट केलं आहे की सर्वसाधारण सभेत बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला घरात प्राणी पाळायला बंदी करता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. 2021 मध्ये केरळ उच्च न्यायालयानेही अशी बंदी घालणाऱ्या उपविधींना बेकायदा ठरवलं. उलट बाजूने, पट्टा बांधणं, घाण उचलणं, पालिकेचा परवाना काढणं आणि रेबीजच्या लशीचा कागद तयार ठेवणं हे पाळणाऱ्याने न सांगता केलं पाहिजे. शेजाऱ्याची भीती खोटी नसते. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू तांबीला घाबरायच्या, म्हणून आम्ही वर्षभर त्या लिफ्टमध्ये असतील तर जिन्याने जायचो. त्या बत्तीस पायऱ्यांचा असाही उपयोग झाला.

येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेसाठी मी सेक्रेटरींकडे दोन विषय लेखी दिले आहेत. एक, सोसायटीच्या आवारातल्या चार कुत्र्यांची नसबंदी आणि लस, खर्च वर्गणीतून. दोन, त्यातली मागच्या गेटवरची जी म्हातारी काळी कुत्री आहे, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेली, तिला आमच्या फ्लॅटच्या पत्त्यावर नोंदवून घ्यावं. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी दुसऱ्या विषयाला अनुमोदक म्हणून सही केली आहे.